दोन आज्यांची वजाबाकी

विहीणबाई,

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही, आणि मी तुमच्याच घरात, तुमच्याच खोलीत, खिडकीपाशी असलेल्या तुमच्या खुर्चीत बसून हे लिहितेय. मुलीच्या आईनं मुलीच्या सासरी इतके दिवस मुक्काम ठोकायचा नसतो, हे मला कळतं. तुम्ही असता तर तोंडानं ‘राहा की वो आणखी चार रोज’ म्हणाला असता आणि डोळ्यांनी माझी पिशवी शोधली असती. तुम्ही नांदेडला माझ्याकडं येऊन राहिला असता तर मीही तेच केलं असतं. पण माझ्या मनीषाची बँकेतली नोकरी, तुमच्या महेशरावांचं औषधांचं दुकान आणि दोघांच्या मधे तिसरीत शिकणारी ईश्वरी. घरात मोठं माणूस कोणीतरी पाहिजेच होतं. म्हणून ह्यांच्यावर नांदेडचं घर सोपवून मी इथं लातूरलाच राहिले.

भेटायला येणाऱ्या बाया माझ्याकडं बघून आवाज बारीक करतात. ‘विहिणी-विहिणींचं लई जमायचं म्हणे,’ असं म्हणतात. मी मान हलवते. जमायचं म्हणजे काय, तर मनीषाच्या लग्नापासून आपण दोघी एकमेकींशी इतक्या जपून बोललो, की त्यात भांडायला जागाच नव्हती. तुमच्यासाठी रडून झालंय, अजूनही मधेच रडू येतं. सकाळी चहाला कप मांडताना एक जास्तीचा मांडला जातो. पण खरं सांगू का, त्या रडण्याच्या खाली मला फार हलकं वाटतंय. माणूस गेलेल्या घरात हे बोलायची सोय नाही. मनीषाला सांगावं तर तिला वाटेल, आई काय बोलतेय. म्हणून तुम्हालाच सांगते.

आपलं जपून बोलणं सुरू झालं ते लग्नातल्या साडीपासून. मी तुमच्या मानाची म्हणून पोपटी रंगाची इरकल घेतली होती, नांदेडची चार दुकानं पालथी घालून. तुम्ही ती घेतलीत, कपाळाला लावलीत आणि संध्याकाळपर्यंत ती तुमच्या बहिणीच्या अंगावर होती. मी काही बोलले नाही. पुढं वर्षभरानं कळलं, की जेवणाच्या पंगतीत आमच्याकडची पोरं तुमच्या आत्याबाईंना दुसऱ्यांदा बुंदी वाढायला विसरली होती, आणि तुम्हीही काही बोलला नव्हता. झालं, तेव्हापासून ठरूनच गेलं. मी मुलीची आई, माझी बाजू खालची. तुम्ही मुलाची आई, पण सून नोकरी करणारी, तिला दुखवायचं नाही म्हणून तुम्ही सावध. फोनवर आपण जेवण विचारायचो, गुडघे विचारायचो, आणि पाऊस. लातूरला पाऊस पडो न पडो, आपल्या बोलण्यात तो कायम असायचा.

ईश्वरी पहिलीला गेली तेव्हा तिच्या अभ्यासाचा प्रश्न निघाला. मनीषा बँकेतून येईपर्यंत दिवेलागण व्हायची आणि त्यावेळी पोरीचे डोळे मिटायला लागायचे. महेशराव एरवी साधे, पण हे त्यांनी बरोबर जमवलं. म्हणाले, ‘गणित इथल्या आजीकडं, वाचन नांदेडच्या आजीकडं.’ दोन्ही आज्यांना सारखा मान. रोज संध्याकाळी, दूध पिऊन झालं की, ईश्वरी व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसायची आणि मला धडा वाचून दाखवायची. त्याआधी तिचं गणित तुम्ही उरकलेलं असायचं.

तुमची पद्धत मला पडद्यावरूनच थोडीफार दिसायची. चिंचोक्यांचा ढीग, पाटी आणि तुमचं ओठांतल्या ओठांत मोजणं. तुमचं माहेर भालकीकडचं, तुमची शाळा कन्नड. मराठीत बोलायचा, पण आकडे मोजायला लागलात की हळूच ऐदु, आरु, एळु. ईश्वरीपण तसंच मोजायला लागली. नांदेडला आमच्या शेजारच्या रेहानाभाभींना ती कन्नडमधून पेरू मोजून द्यायला लागली तेव्हा त्या बिचाऱ्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला मजा वाटायची. खरंच वाटायची, ह्यात टोमणा नाही.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. पोरगी वाचायला लागायची, ‘एका जंगलात एक’, आणि पुढच्या शब्दाला थांबायची. मी इकडं श्वास धरून बसलेली. आता म्हणेल, आता म्हणेल. तेवढ्यात पडद्याच्या बाहेरून तुमचा आवाज, ‘कोल्हा’. रोज. शब्द तिच्या जिभेवर यायच्या आत तुम्ही तो काढून हातात द्यायचा. माझ्या मनात यायचं, विहीणबाई, तिला अडू द्या की जरा. पण तोंडातून निघायचं, ‘शाब्बास, पुढं वाच.’ फोन ठेवला की मी तो राग ह्यांच्यावर काढायची. हे म्हणायचे, ‘सरळ सांग की त्यांना.’ ह्यांना काय कळतंय त्यातलं.

तरीही पोरगी शिकत होती, हे कबूल करायला पाहिजे. दुसरीच्या उन्हाळ्यात मी तिला न्यायला लातूरला आले होते. एसटीत खिडकीशी बसून ती अहमदपूर, लोहा करत नांदेडपर्यंत दिसेल ती पाटी वाचत आली. खतांच्या जाहिराती, ढाब्यांची नावं, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची सगळी शुभेच्छुक मंडळी. कंडक्टर म्हणाला, ‘आजी, हिला तिकिटं फाडायला ठेवून जा.’ मला इतका अभिमान वाटला की लोह्याला उतरून मी तिला उसाचा रस पाजला. म्हणून सांगते, पुढं जे झालं ते मला एवढं का लागलं ते.

तिसरीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती नांदेडला आली, सोबत बाईंनी दिलेले वजाबाकीचे कागद. हे काम तुमच्या खात्यातलं होतं. पण पोरगी माझ्याकडं, कागद कोरे, मी काय करायचं? मी खराट्याच्या काड्या तोडल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले आणि मला कंधारच्या शाळेत शिकवलं होतं तसं शिकवलं. बावन्नातून सत्तावीस काढायचे. दोनातून सात जात नाहीत. मग वरच्या पाचातला एक गठ्ठा सोडायचा, त्याच्या दहा काड्या दोनात मिळवायच्या. पाचाचे राहिले चार. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. पंचवीस. पोरीला गठ्ठा सोडायला फार आवडायचं. सुट्टी संपेपर्यंत घरभर काड्या झाल्या.

तुमच्याकडं हेच उत्तर दुसऱ्या वाटेनं यायचं, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. तुमचा तो हातचा. वरच्या पाचाला हात लावायचा नाही. बारातून सात गेले पाच, हातचा एक खालच्या दोनाला द्यायचा, दोनाचे तीन, आणि पाचातून तीन गेले दोन. पंचवीसच. दोन्ही वाटा सरळ, दोन्ही पंचविसाला पोचणाऱ्या.

सुट्टीनंतर काही आठवड्यांनी मनीषाचा फोन आला. आवाज बसलेला. शाळेत बोलावलं होतं. बाईंनी विचारलं, ‘घरी हिचा अभ्यास कोण घेतं?’ मनीषा म्हणाली, दोन्ही आज्या. बाईंनी नुसती मान हलवली म्हणे. ईश्वरीच्या वजाबाक्या एकजात चुकत होत्या. आधी येत होत्या त्यासुद्धा. गणिताचा तास असला की तिच्या पोटात दुखायचं. एकदा दप्तर घेऊन पलंगाखाली जाऊन बसली. ‘मला गणित येत नाही, माझं डोकंच तसं आहे,’ असं सात-आठ वर्षांचं लेकरू आईला म्हणालं. आणि मग एका संध्याकाळी साखरेच्या डब्याला फोन टेकलेला, पण समोर ती नाही. लांबून आवाज आला, ‘नांदेडच्या आजीला सांगा, आज वाचायचं नाही.’ उद्याही नाही, परवाही नाही. एका गोष्टीत हरलं की लेकरू दुसरीलाही हात लावत नाही. एसटीतली ती पोरगी मला आठवत राहायची.

मी मनीषाला उत्तरांचे फोटो पाठवायला सांगितले. बावन्नातून सत्तावीस, उत्तर पंधरा. त्र्याऐंशीतून शेहेचाळीस, सत्तावीस. बघत बसले. प्रत्येक उत्तर बरोबर दहानं कमी. मग वरचे आकडे बघितले, खालचे बघितले, आणि माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. वरच्यातून एक काढलेला होता. खालच्याला एक दिलेलाही होता. माझंही आणि तुमचंही, दोन्ही एकाच वजाबाकीत.

आता ह्यात अवघड काय होतं? फोन उचलायचा आणि म्हणायचं, ‘विहीणबाई, पोरीचा गोंधळ होतोय, एकच काहीतरी शिकवू.’ पण कोणतं एक? माझं शिकवा म्हणावं तर मुलीची आई मुलाच्या आईला शिकवायला निघाली. तुमचं शिकवा म्हणावं तर त्यातही असं निघतं, की मी तुमच्या कामात हात घातला होता आणि आता उपकार केल्यासारखा काढून घेतेय. चार वेळा फोन हातात घेतला. एकदा लावलाही. तुम्ही उचललात, आपण गुडघ्यांवर आणि ज्वारीच्या भावावर बोललो आणि ठेवला.

मग तुम्हाला श्वासाचा तरास सुरू झाला. छातीत पाणी झालं म्हणाले, दवाखान्यात ठेवलं. मनीषाला रजा मिळेना, म्हणून दिवसा तुमच्यापाशी बसायला मी आले. दवाखान्यात मानपान चालत नाही, ते एक बरं असतं. मी तुमची वेणी घालत होते आणि तुम्ही माझ्या हातानं भाताची पेज पीत होता. लग्नात तुमचे पाय धुताना मी इतक्या जवळ आले होते, त्यानंतर तेव्हाच.

दुपारी ईश्वरी शाळेतून थेट दवाखान्यात यायची. त्या दिवशी तिच्या दप्तरात गणिताचा गृहपाठ होता, आणि तो तिला काढायचा नव्हता. तुम्ही नळ्या लावलेल्या हातानं पलंगावर जागा केलीत. तुमच्या कन्नडमधल्या लाडाच्या हाकेनं म्हणालात, ‘ये पुट्टी, इथं बस. एकच कर.’ ती पाय दुमडून तुमच्या कुशीला बसली. मी स्टुलावर. तिनं त्रेसष्ट लिहिले, खाली पस्तीस. तेरातून पाच काढले, आठ मांडले. मग तिची पेन्सिल थांबली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं आणि वरच्या सहाचे पाच केले. मग तुमच्याकडं बघितलं आणि खालच्या तिनाचे चार केले. उत्तर अठरा.

‘पुट्टी, वरचा कामून खोडलास गं?’ तुम्ही विचारलंत.

‘नांदेडच्या आजीनं सांगितलं.’

‘मग खालचा कामून वाढवलास?’ हे मी.

‘लातूरच्या आजीनं सांगितलं.’

‘आन दोन्ही करायचं कोणी सांगितलं?’ हे तुम्ही.

ती पेन्सिलीचं टोक चादरीत खुपसत राहिली. मग म्हणाली, ‘कोणी न्हाई. आई म्हणती, दोघींचंबी ऐकायचं. एकीचं केलं की दुसरीला राग येईल ना.’

विहीणबाई, तो क्षण मी विसरणार नाही. बाजूच्या पलंगावरची बाईसुद्धा आपल्याकडं बघायला लागली. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘अवं विहीणबाई, ही पोरगी गणित करून राहिली न्हाई. ही तर आपलं लगीन सांभाळून राहिली.’ आणि हसायला लागलात. इतकं, की नाकातली नळी सरकली. मी ती नीट करता करता हसत होते आणि ईश्वरी बावरून एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं.

मी म्हणाले, ‘मला दिसलं होतं वो. पण तुम्हाला कसं सांगावं म्हणून बसले.’

‘मलाबी दिसलं होतं की. पर तुमाला बोललं की तुमच्या लेकीला लागणार. ती दिसभर बँकेत राबून येती. म्हून खामोश बसले.’

‘मग तुमचाच हातचा शिकवा तिला. माझ्या काड्या मी बंद करते.’

‘कशाला? तुमचंच शिकवा. बाई तसंच घेतात म्हणं शाळेत.’

‘नाही, तुमचंच.’

‘न्हाई वो, तुमचंच.’

असं दोन-तीनदा झालं, आणि मग काय झालं कोणास ठाऊक, दोघींचाही तोल गेला. तुम्ही म्हणालात, ‘खरं सांगू का, तुमच्यात खोडाखोडी लई. पाटी नुसती काळी होती.’ मी म्हणाले, ‘खोडाखोडी असली तरी पोरीला कळतं तरी काय चाललंय ते. तुमच्यात वरच्याला फुकट दहा मिळतात. ते येतात कुठून, सांगा बरं?’ तुम्ही उठून बसलात. सकाळी कूस वळायला दोन माणसं लागत होती, आणि आता आपोआप उठून बसलात. म्हणालात, ‘फुकट कशाला? वर दहा वाढले की खालीबी दहा वाढायचे. पंगतीत काय एकाच बाजूला वाढतात का? दोन्हीकडं सारखं वाढलं म्हंजी दोघातला फरक हाय तेवढाच राहतो. ह्यात न कळायसारखं काय हाय?’

हातचा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण तो खालच्याच आकड्याला का जातो हे मला त्या स्टुलावर बसून कळलं. ते मी तुम्हाला लगेच सांगितलं नाही, कारण भांडण रंगात आलं होतं. आणि अंगात आल्यासारखी मी वाचनाचंही काढलं. ‘आणि तिला शब्द का सांगता तुम्ही? अडू द्या की जरा. अडल्याशिवाय लेकरू शिकत नसतं.’

त्यावर तुमचा आवाज उतरला. ‘मी भालकीहून नांदायला आले तवा मला मराठी अक्षर येत न्हवतं,’ तुम्ही म्हणालात. ‘सासरे संध्याकाळी पेपर वाचायला लावायचे. मी अडले की समदे माझ्या तोंडाकडं बघत गप बसायचे. दीर हसायचा. कोणी सांगायचं न्हाई. लेकरू अडलेलं मला बघवत न्हाई, विहीणबाई. तुमी फोनवर लांब हाव. जवळ बसा म्हंजी कळंल.’

‘पण सांगून टाकल्यावर ती स्वतः कधी काढणार?’

‘काढती. जवळ कोण तरी हाय म्हणल्यावर काढती.’

तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि दोघींना दटावलं, पेशंटला बोलू देऊ नका म्हणून. ईश्वरी म्हणाली, ‘मग मी कोणतं करू? तुम्ही आधी ठरवा.’ ठरलंच नाही. उद्या ठरवू म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलायला त्रास व्हायला लागला आणि मग तो विषय राहूनच गेला. घरी आणा म्हणालात म्हणून घरी आणलं, आणि एका सकाळी मनीषा तुमच्या कपाळाला विभूती लावत असताना तुम्ही गेलात.

आपल्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला बसवून नेतात. फुलं घालून, विभूती लावून तुम्हाला भिंतीशी बसवलं होतं. ईश्वरी दारातून बघत होती. मला भीती वाटत होती, लेकरू घाबरेल. ती माझ्या पदराला धरून हळूच म्हणाली, ‘आजी अभ्यासाला बसल्यासारखी बसली.’ तेव्हा मात्र मला सावरता आलं नाही. पत्रिकेत महेशरावांनी ‘लिंगैक्य’ छापून आणलं, शिवगणाराधनेचं जेवण झालं, गावाकडून माणसं आली आणि गेली. त्या सगळ्या धांदलीत मला एकच गोष्ट धीर देत होती, की आपलं एकदा मनसोक्त भांडण झालं. ते न होता तुम्ही गेला असता तर मी तुम्हाला ओळखतच नव्हते असं झालं असतं. पोपटी साडी आणि बुंदी एवढंच माझ्याकडं उरलं असतं. त्या दुपारबद्दल मी तुमची ऋणी आहे, विहीणबाई. लग्नात जोडलेली सोयरीक माझ्या लेखी त्या पलंगावर पक्की झाली.

पण पोरीचं काय, हे डोक्यातून जात नव्हतं. तुमचं दिवसकार्य उरकल्यावर ती परत शाळेत जायला लागली. दप्तर माझ्यासमोर यायचं आणि मी गणिताचं पुस्तक उघडायला कचरायची. आता घरात मी एकटी आजी. माझी पद्धत शिकवली तर कोणी अडवणार नव्हतं. तेच मला नको वाटत होतं. तुमची खुर्ची रिकामी झाल्याबरोबर तुमचा हातचा पुसून टाकायचा, हे माझ्याच्यानं होईना. आणि तुमचा शिकवावा तर तुमच्यासारखा मला येत नाही. मी म्हटलं, राहू द्या, थोडे दिवस वाचनच घेऊ. तिला वाचायला बसवायची आणि मी शेजारी बसायची. फोनवर नाही, शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून.

आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं. परवा ती धडा वाचता वाचता एका शब्दाला अडली. ‘उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं ठणठ...’ आणि थांबली. मान खाली. तिचा कान माझ्या तोंडापासून वीतभर लांब. मी ठरवलं होतं, काही झालं तरी सांगायचं नाही. तिच्या मानेवरचे ते बारीक केस दिसत होते, ती ओठ हलवत होती, आणि मी सांगून टाकलं. ‘ठणठणीत.’ ती पुढं वाचायला लागली. तुम्ही पडद्याबाहेर बसून काय सोसायचा ते मला कळलं. अजूनही मला वाटतं, अडू द्यायला पाहिजे. ह्या बाबतीत मी तुमच्याशी पुढंही भांडणार आहे. पण आता तुमची बाजू मला आतून ठाऊक आहे.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. मनीषा कामावर, घर शांत. बराच वेळ ईश्वरीचा आवाज नाही म्हणून मी दारातून डोकावले. पलंगाखाली वगैरे नव्हती. जमिनीवर पालथी पडून पाटीवर काहीतरी लिहीत होती. कोणी बसवलेलं नाही, कोणी सांगितलेलं नाही. मी न बोलता मागं जाऊन उभी राहिले.

एकाहत्तर वजा अडतीस. अकरातून आठ गेले तीन. हातचा एक खालच्या तिनाला, चार. सातातून चार गेले तीन. तेहेतीस. वरच्या साताला तिनं हात लावला नव्हता. माझ्या तोंडातून सुस्कारा निघाला, पण ती थांबली नव्हती. तिनं मधे उभी रेघ मारली आणि पलीकडं तीच वजाबाकी परत मांडली. ह्यावेळी वरच्या साताचे सहा केले. खालचे तीन तसेच ठेवले. अकरातून आठ गेले तीन, सहातून तीन गेले तीन. तेहेतीस. दोन्ही उत्तरांवर बोट ठेवून बघितलं आणि खाली बाईंसारखी बरोबरची खूण केली. आमच्या शाळेत ह्याला ताळा करणं म्हणायचे. हिला तो कोणी शिकवला नव्हता. तुम्हीही नाही, मीही नाही.

मी तिथंच खाली बसले. किती महिन्यांचं ओझं उतरलं ते तुम्हालाच कळेल. तुम्ही हे बघायला असायला पाहिजे होता.

‘एकच गणित दोनदा कामून केलंस गं?’ मी विचारलं.

‘एकदा लातूरच्या आजीसारखं करायचं,’ ती पाटी पुसता पुसता म्हणाली, ‘आन मग तुझ्यासारखं करून बघायचं. सारखं आलं की बरोबर.’

‘आणि सारखं नाही आलं तर?’

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

‘येतंच की,’ ती म्हणाली. ‘तुमचं दोघींचं सारखंच येतं.’